‘मुरलेल्या’ आवाजाच्या नावाखाली विकलेली गिटार

सेकंडहँड अकूस्टिक गिटार घेणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. जुलैमध्ये पुण्यात एका विक्रेत्याने १९७८ची म्हणून एक गिटार मला ३८ हजारांना विकली. “स्प्रूसचा सॉलिड टॉप, सगळं ओरिजिनल. चाळीस वर्षं वाजून आवाज मुरलाय.” (टॉप म्हणजे गिटारची पुढची फळी, सॉलिड म्हणजे थर न चिकटवलेलं अख्खं लाकूड, आणि स्प्रूस हे एक सूचिपर्णी झाड.) त्या दिवशी ती खणखणीत वाजली. पंधरवड्यात आवाज बसला. फोन केला तर म्हणाला, “दादा, पावसाळी हवा आहे, लाकूड फुगतं. दिवाळीनंतर बघा कशी खुलते.”

ही थाप पचते, कारण ती निम्मी खरी आहे. दमट हवेत टॉप खरोखर फुगतो, आवाज दबतो. आणि सॉलिड लाकूड वयानुसार बदलतंही: त्यातलं हेमिसेल्युलोज (लाकडाच्या पेशीभित्तीतला एक घटक) हळूहळू विघटित होतं, लाकूड किंचित हलकं होतं, ताठपणा मात्र फारसा जात नाही. पण हे सगळं सॉलिड लाकडाचं. आडवे-उभे थर चिकटवलेल्या प्लायकडून तशी अपेक्षाच ठेवायची नसते.

दिवाळी झाली, हवा कोरडी झाली, आवाज तसाच. मग गिटार दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी आधी साउंडहोलच्या, म्हणजे टॉपवरच्या गोल भोकाच्या, कडेवर टॉर्च मारला. सॉलिड टॉपवरच्या लाकडाच्या रेषा त्या कडेतून पूर्ण जाडीभर खाली उतरलेल्या दिसतात. इथे कडेला काळा रंग फासला होता. तो खरवडल्यावर तीन थर दिसले. पिकगार्ड (भोकाशेजारी ओरखड्यांपासून बचावासाठी चिकटवलेला पातळ पत्रा) काढलं, तर खालचं लाकूडही बाहेरइतकंच पिवळं. उजेडाने पिवळा पडलेला टॉप तिथे फिकट राहतो. हा रंग लावलेला होता. फ्रेट्सवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) तारांची एकही खाच नाही, आणि म्हणे सगळं ओरिजिनल! पहिल्या दिवशीची ती खणखण नव्या कोऱ्या तारांची होती.

‘वाजवून मुरलेली’ म्हणून तर जास्तीचा एक रुपयाही देऊ नका. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सारख्याच लाकडाची दोन व्हायोलिनं घेतली. एक संग्रहालयात ठेवलं, दुसरं व्यावसायिक वादकाने नियमित वाजवलं. तीन वर्षांनी वादक आणि श्रोत्यांना दोन्हींत ठोस फरक सांगता आला नाही. २००५ साली ते प्रसिद्ध झालं आहे.

पैसे परत मिळाले नाहीत, त्याने माझा नंबर ब्लॉक केला. आता त्याच माणसाची नवी जाहिरात लागली आहे: १९७४ची, ‘मुरलेली’. बघायला जाणार असाल तर टॉर्च आणि छोटा आरसा सोबत न्या, आतली बाजूही बघा. साउंडहोलची कड रंगवलेली असेल आणि तो ती तपासू देत नसेल, तर तिथूनच परत फिरा.