क्रिनन कालवा: दोघांच्या बोटीसाठी कितपत सोयीचा?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात शिडाची बोट घेऊन निघालेल्या जोडप्यापुढे क्लाइडच्या खाडीतून उत्तरेला जाण्याचे दोन मार्ग असतात. एक, किंटायर द्वीपकल्पाच्या टोकाला वळसा. तिथे नॉर्थ चॅनल या सामुद्रधुनीचा प्रवाह जोरात वाहतो, आणि वारा त्याच्या उलट असला की लाटा अंगावर उभ्या राहतात. दुसरा, आर्ड्रिशेग ते क्रिनन हा 9 मैलांचा कालवा. तो 1801 मध्ये खुला झाला, आज स्कॉटिश कॅनल्स ही सरकारी संस्था तो चालवते. आमचे मत स्पष्ट आहे: वळशाला भिऊन कालवा निवडला तर हरकत नाही, पण इथे हातपाय चालवावे लागतात हे आधीच धरून चाला.

कारण 15 लॉक, म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाजांच्या कोठड्या. दोन्ही टोकांचे सागरी लॉक कर्मचारी चालवतात, मधल्यांपैकी बहुतेक तुम्ही स्वतः. पाणी सोडणारी झडप हँडलने उघडायची आणि दरवाजा त्याच्या लांब लाकडी तुळईला पाठ लावून ढकलायचा. पाण्याची पातळी दोन्हीकडे सारखी झाल्याशिवाय तो इंचभरही हलत नाही, तोवर धडपडून कंबर मोडू नये. पातळी जुळली की तो हळूहळू आपसूक सुटतो.

दोघांची खरी अडचण अशी की एकजण काठावर हवाच, म्हणजे बोटीवर एकच उरतो आणि त्याच्या हातात दोन दोर. चढणीला, म्हणजे आर्ड्रिशेगकडून आठव्या लॉकपर्यंत, हे सर्वात कठीण. वरच्या दरवाजाच्या झडपा उघडल्या की पाण्याचा लोंढा सरळ पुढच्या टोकावर येतो आणि बोट आडवी फिरते. म्हणून बोट लॉकच्या मागच्या भागात ठेवा. पुढचा आणि मागचा दोर किमान 15 मीटरचा घ्या, काठावरच्या खुंटाला नुसता वळसा देऊन टोक परत बोटीत आणा. पुढचा दोर विंचवर (दोर ओढायच्या चरख्यावर) ठेवला की एक माणूस तो सावकाश आवळत राहतो आणि दुसऱ्या हाताने मागचा सांभाळतो. काठावरच्याने झडप पाव उघडून थांबावे, बोट स्थिर झाली की आणखी पाव. एकदम पूर्ण उघडण्याची घाई हेच इथल्या बहुतेक ओरखड्यांचे मूळ. भिंती ओबडधोबड दगडी आहेत, तेव्हा फेंडर (बोटीच्या बाजूला टांगायच्या रबरी गाद्या) प्रत्येक बाजूला किमान चार, आणि दोन्ही बाजूंना. बाहेरच्या बाजूला दगडाला घासणारी एक जाड फळी टांगली तर फेंडर फाटत नाहीत.

उतरणीला, ड्यूनार्ड्रीच्या पाच लॉकमध्ये (9 ते 13), पाणी शांत असते, धोका वेगळा. दोर कधीही बांधून ठेवू नका. पाणी खाली गेले आणि दोर अडकला, की बोट भिंतीला लटकते. दुसरे, मागचा भाग वरच्या दरवाजापासून दूर ठेवा. दरवाजाखाली दगडी उंबरठा असतो. पाणी उतरल्यावर सुकाणू किंवा प्रोपेलर त्यावर बसला तर उन्हाळा तिथेच संपतो. हे लॉक जवळजवळ असल्याने काठावरच्याने चालत पुढे जाऊन पुढचे लॉक तयार ठेवावे. चढणीवरच्या केर्नबान गावाच्या आधीच्या लांब पट्ट्यात मात्र बोटीवर बसून निवांत जा. वेग ताशी 4 मैलांपेक्षा जास्त नको, लाटेने काठ ढासळतो. उतरणीनंतर, क्रिननच्या बाजूच्या बेलानॉख गावापुढे मात्र सावध. कालवा अरुंद होतो, एका बाजूला कातळ येतो, आणि समोरून बोट आली तर एकाने थांबून वाट द्यावी लागते.

एक उपाय सगळ्यावर भारी: दुसऱ्या बोटीची सोबत. 26 मीटरच्या लॉकमध्ये 10 मीटरच्या दोन बोटी एकामागे एक सहज मावतात. चार माणसे झाली की दोन काठावर, दोन बोटींवर. पाणीही निम्मे लागते, आणि कोरड्या उन्हाळ्यात ते महत्त्वाचे, कारण कालव्याच्या सर्वात उंच भागातले पाणी टेकड्यांतल्या तलावांतून येते. पाणी कमी झाले की निर्बंध लागतात. निघण्यापूर्वी व्हीएचएफ रेडिओच्या वाहिनी 74 वर लॉकरक्षकाशी बोला.

कालवा एका दिवसात पार होतो, पण दोघांनी दोन दिवसच धरावेत. केर्नबानला रात्र काढली की दुसऱ्या दिवशी हात दुखत नाहीत, आणि कालव्याची शोभाही पाहून होते. शुल्क बोटीच्या लांबीवर असते.

क्रिननला पोहोचल्यावर मोकळ्या समुद्रात जाण्याची वेळ निवडताना मात्र घड्याळाइतकेच भरतीचे कोष्टक पाहा. बाहेर डोरस मोर या अरुंद जलमार्गात उधाणाला 8 नॉटपर्यंतचा (ताशी सुमारे 15 किमी) प्रवाह असतो. भरती वायव्येला ओढते, ओहोटी उलट. उत्तरेला जाणाऱ्यांनी भरती नुकतीच लागली असताना सागरी लॉकमधून बाहेर पडावे, आणि शक्य असेल तर भांगाचे, म्हणजे मंद भरती-ओहोटीचे दिवस धरावेत. थोड्या पलीकडे कॉरीव्रेकन ही सामुद्रधुनी आहे. तिथला भोवरा चुकवायचा असेल तर भरतीत त्या तोंडासमोरून जाताना डावीकडे ओढ बसते हे ध्यानात ठेवा, आणि इंजिन तयार असू द्या.