हॅचरीतून घेतलेली क्लाउनफिशची जोडी: वर्षभरानंतरचा अभिप्राय

‘जमलेली जोडी’ म्हणून विकले जाणारे क्लाउनफिश (समुद्री शोभिवंत मासे) अनेकदा एका पिशवीत घातलेले कोणतेही दोन मासे असतात. म्हणूनच मी ज्या हॅचरीतून (माशांची पैदास करणाऱ्या केंद्रातून) ऑसेलॅरिस जातीची जोडी घेतली, तिथल्या चालकांनी मासे पिशवीत भरण्यापूर्वी मला अर्धा तास टँकसमोर बसवून ठेवले, याचे मोल मला फार वाटते. मोठा मासा जवळ आला की लहान मासा अंग तिरपे करून थरथरत होता. ही थरथर म्हणजे मोठ्याचे वर्चस्व मान्य केल्याची खूण. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतो. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालोखालचा नर म्हणून राहतो आणि एकदा मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. त्यामुळे दोन माद्या एकत्र पडल्या, तर एकीचा जीव जाईपर्यंत मारामारी चालू राहू शकते. आकारातला फरक आणि ती थरथर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय जोडी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मासे टँकमध्येच जन्मलेले असल्यामुळे दुसऱ्या दिवसापासून गोळीखाद्य खाऊ लागले. अ‍ॅनेमोनी (क्लाउनफिश ज्यात आसरा घेतो तो समुद्री जीव) नसली तरी चालते, हे चालकांचे म्हणणेही खरे ठरले. आडव्या ठेवलेल्या मातीच्या कुंडीतच जोडीने मुक्काम केला आणि पाचव्या महिन्यात कुंडीच्या आतल्या बाजूला नारिंगी अंड्यांचा थर दिसला. पहिल्या दोन खेपांची अंडी त्यांनीच खाल्ली. नवख्या जोडीकडून असे होतेच. तिसऱ्या खेपेला मात्र नर सतत परांनी अंड्यांवर पाणी खेळवत होता आणि खराब झालेली अंडी तोंडाने वेचून काढत होता. आठव्या दिवशी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकू लागले आणि त्याच रात्री, दिवे मालवल्यानंतर तासाभरात, पिल्ले बाहेर आली.

तक्रार आहे ती इथून पुढची. पिल्लांच्या पहिल्या खाद्यासाठी त्याच हॅचरीने दिलेल्या रोटिफरच्या (डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सूक्ष्म जलजीवांच्या) बाटलीत जिवंत रोटिफर अगदी विरळ होते, आणि त्यांची पैदास अंडी फुटण्याच्या बऱ्याच आधी सुरू करावी लागते, हे कोणीही सांगितले नव्हते. तिसऱ्या दिवसापर्यंत एकही पिल्लू उरले नाही. ते दृश्य अजून मनातून जात नाही. चूक कळवल्यावर चालकांनी नवी बाटली पाठवली आणि बादलीत मंद हवा सोडून, नॅनोक्लोरॉप्सिस शैवाल घालून रोटिफर कसे वाढवायचे, हे फोनवर धीराने समजावून सांगितले; परंतु ही माहिती जोडीबरोबरच मिळायला हवी होती.

पुढच्या खेपेला रोटिफरची बादली दाट झालेली होती. टँकच्या बाजू काळ्या कागदाने झाकून उजेड मंद ठेवला, तेव्हा पिल्लांची भरलेली इवलीशी पोटे भिंगातून स्पष्ट दिसत होती. दहाव्या दिवशी एका पिल्लाच्या डोक्यावर पहिला पांढरा पट्टा उमटला आणि त्यानंतर ताजी फुटलेली आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव) सुरू केली. त्या खेपेची साधारण चाळीस पिल्ले आज अंगठ्याच्या नखापेक्षा मोठी आहेत.

जोडीसाठी ही हॅचरी मी निःशंकपणे सुचवेन. रोटिफर घ्यायचे असतील, तर बाटली उजेडासमोर धरून पाण्यात हलणारे पांढरट ठिपके दाट आहेत का, ते तिथेच पाहून घ्यावे.