खाऱ्या पाण्यात बुडालेल्या रिळाची दुरुस्ती : रत्नागिरीतील एका कारागिराचे काम

गणपतीनंतरच्या आठवड्यात मिऱ्याच्या खडकांवर गळाने मासे गरवत असताना एक लाट अंगावर आली आणि माझे ४००० या मध्यम आकाराचे स्पिनिंग रीळ (गळाची दोरी गुंडाळण्याचे यंत्र) रॉडसकट वाळूमिश्रित पाण्यात गेले. घरी येऊन मी ते वरवर धुतले, पुसले आणि ठेवून दिले. पंधरा दिवसांनी हँडल फिरवले तेव्हा आतून खरखर येत होती, लाईन रोलर (दोरी जिच्यावरून वळून आत येते ती छोटी फिरकी) जाम झाला होता आणि दोरी गुंडाळलेल्या स्पूलच्या खालच्या कडेवर पांढरी पूड धरली होती.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पाणी वाळते, पण क्षार आतच राहतात, हवेतला ओलावा ओढून घेतात आणि कोकणच्या दमट हवेत धातू कुरतडण्याचे काम चालूच ठेवतात. ॲल्युमिनियमच्या भागात पोलादी स्क्रू बसवलेला असेल तर त्या सांध्याजवळ ॲल्युमिनियम अधिक वेगाने खराब होते, आणि विणलेली दोरी खारे पाणी धरून ठेवत असल्यामुळे स्पूलचा दोरीखालचा भाग कोणाच्या लक्षातही न येता खवला जातो.

पहिल्यांदा ज्या दुकानात मी रीळ दिले, तिथे ते दुसऱ्याच दिवशी परत मिळाले. खरखर कमी झाली होती, परंतु हँडल अधूनमधून उलटे फिरू लागले. भाट्याच्या खाडीत तांबोशी लागली असताना असे झाले तर मासा हातचा जातो, म्हणून मी मिरकरवाडा बंदराजवळ बसणाऱ्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. त्यांना जाहिरात नको असल्याने मी नाव लिहीत नाही.

त्यांनी रीळ माझ्यासमोर उघडले आणि दोष कुठे आहे ते दाखवले. हँडल उलटे फिरू न देणाऱ्या क्लचमध्ये बारीक रोलर असतात आणि नाजूक स्प्रिंगा त्यांना जागेवर ढकलत असतात. तिथे घट्ट ग्रीस भरले की स्प्रिंगांचा जोर अपुरा पडतो, रोलर वेळेवर अडकत नाहीत आणि हँडल घसरते. "ग्रीस गिअरला द्या, इथे पातळ तेलाचा एक थेंब पुरे," असे ते म्हणाले. माझ्या मते रीळ दुरुस्त करणाऱ्याची पारख याच एका जागेवर होते, कारण सगळीकडे सारखे ग्रीस चोपडणारा माणूस यंत्र जाणत नाही.

पुढचे काम त्यांनी फार निगुतीने केले. सुटे भाग उघडण्याच्या क्रमाने कापडावर मांडले, जुने ग्रीस काढून टाकले, बेअरिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतली आणि प्रत्येक बेअरिंग बोटावर फिरवून तपासले. लाईन रोलरचे आणि हँडलच्या बाजूचे अशी दोन बेअरिंग धुऊनही खडबडीत फिरत होती, तेवढीच त्यांनी बदलली. लाईन रोलर उघडा असतो आणि ओली दोरी सतत त्यावरूनच धावते, त्यामुळे बहुधा पहिला बळी त्याचाच जातो. ड्रॅगच्या, म्हणजे मासा जोरात ओढू लागला की ठरावीक ताणावर दोरी सुटू देणाऱ्या ब्रेकच्या, कार्बनच्या चकत्या पुसून त्यांना ड्रॅगसाठीच्या ग्रीसचा पातळ हात दिला आणि शेवटी दोरीला ताणकाटा बांधून ड्रॅग अडीच किलोला लावून दाखवला. दोरी हिसका न देता सुटली. ताण बसल्यावर पहिला हिसका किती बसतो यावर बारीक दोरी टिकते की तुटते हे अवलंबून असल्याने ही चाचणी मला सर्वांत मोलाची वाटली.

मजुरीचे ४५० रुपये आणि दोन बेअरिंगचे वेगळे पैसे झाले. बदललेली बेअरिंग त्यांनी पुडीत घालून परत दिली. रीळ आता नव्यासारखे निःशब्द नसले तरी आमिषाचा जड कृत्रिम मासा ओढतानाही सलग फिरते. दोन उणिवा मात्र सांगायला हव्यात. चार दिवसांचा वायदा नऊ दिवसांवर गेला, आणि कोणते भाग बदलले याची लेखी नोंद मागूनही मिळाली नाही. बाहेरगावाहून येणाऱ्याने आधी फोन करून सुटे भाग शिल्लक आहेत का हे विचारावे.

निघताना त्यांनी घरच्या धुण्याची रीत करून दाखवली. ड्रॅग घट्ट करायचा, म्हणजे चकत्यांपर्यंत पाणी जात नाही. नळाची धार मंद ठेवायची, कारण जोराची धार क्षार आत ढकलते. रीळ बादलीत बुडवायचे नाही. मग झटकून, पुसून, सावलीत वाळवायचे, ड्रॅग सैल करायचा आणि लाईन रोलरला तेलाचा एक थेंब द्यायचा. मी आता गरवून आल्यावर त्याच रात्री हे करतो. दोरी स्पूलवरून उतरवून गोड्या पाण्यात भिजवण्याचे कामही त्यांनी महिन्यातून एकदा करायला सांगितले आहे, आणि पहिल्याच वेळी बादलीतले पाणी चाखले तेव्हा ते स्पष्ट खारट लागले.