भुताचा जबाब घेणारा कॉन्स्टेबल: 'रिव्हर्स ऑफ लंडन'चं ऑडिओबुक

लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये जानेवारीतल्या एका गारठलेल्या रात्री चर्चसमोर एक प्रेत सापडतं. शीर धडावेगळं झालेलं. जागेवर पहारा द्यायला दोन नवखे कॉन्स्टेबल ठेवलेत, त्यांतली एक कॉफी आणायला जाते आणि दुसऱ्यासमोर एक साक्षीदार येऊन उभा राहतो. त्याने खून होताना पाहिलाय, काय पाहिलं ते सांगायलाही तो तयार आहे. पण तो स्वतः शंभराहून जास्त वर्षांपूर्वी मेलेला आहे. बेन ॲरनोव्हिच यांची ही कादंबरी 2011 मध्ये आली. मी ती कोब्ना होल्डब्रुक-स्मिथ यांच्या आवाजात ऐकली, सुमारे दहा तासांचं ऑडिओबुक आहे, आणि हे परीक्षण त्या ऑडिओबुकचं आहे.

मी फौजदारी वकिली करते. जबाब वाचणं, पंचनाम्याशी ताडून बघणं, कुठे काय जुळत नाही ते शोधणं यातच माझा दिवस जातो. त्यामुळे खून आणि भूत एकाच गोष्टीत आले की मला धास्ती वाटते. बहुतेक वेळा प्रेत पडतं, नायकाला काहीतरी अघटित दिसतं आणि पुढच्या प्रकरणापासून मेलेल्या माणसाची आठवण कुणालाच राहत नाही. तो कोण होता, त्याला शेवटचं कुणी पाहिलं, हत्यार कुठे गेलं, हे सगळं मंत्रतंत्रांच्या गर्दीत हरवून जातं. इथे तसं होत नाही. म्हणूनच मी या पुस्तकाविषयी इतकं आग्रहाने लिहिते आहे.

पहाऱ्यावरचा कॉन्स्टेबल पीटर ग्रँट भुतासमोर काय करतो? नाव विचारतो. निकोलस वॉलपेनी, असं उत्तर येतं. मग काय पाहिलं, कुठून पाहिलं, मारेकरी कुठून आला, असे साध्या चौकशीतले प्रश्न विचारतो. भूत सांगतं की मारेकऱ्याने बघता बघता रूप पालटलं. पीटर त्यावर लगेच विश्वास ठेवत नाही आणि ते झटकूनही टाकत नाही. साक्षीदाराचं म्हणणं तपासायला निघतो.

आपल्या कायद्यात मृत्युपूर्व जबाबाला मोठा मान आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तो कलम 32 खाली यायचा, आता 2023 च्या साक्ष्य अधिनियमात कलम 26 खाली येतो. मरणाच्या दारात उभा असलेला माणूस खोटं बोलणार नाही, या समजुतीवर तो टिकून आहे. पण मेल्यावर शतकभराने दिलेल्या जबाबाला जगातल्या कुठल्याही न्यायालयात जागा नाही. पीटरला हे पक्कं ठाऊक आहे. कोर्टात उपयोगी पडणार नाही अशी माहितीसुद्धा तपासाला दिशा देऊ शकते, मात्र त्या दिशेने जाऊन टिकणारा पुरावा हुडकावा लागतो. माहिती आणि पुरावा यांतला हा फरक आम्हाला नोकरी-व्यवसायाच्या पहिल्या वर्षातच शिकावा लागतो, आणि ही संपूर्ण कादंबरी त्यावर उभी आहे. भुतं, जादू, नदीच्या देवता या सगळ्यांकडून पीटरला माहिती मिळते. पुरावा त्याला दार ठोठावून, लोकांशी बोलून, कागद चाळूनच गोळा करावा लागतो.

साध्या माणसाला दडलेल्या जगात खेचून नेणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत. कुणाला वारशाने शक्ती मिळते, कुणाविषयी आधीच भाकीत झालेलं असतं. पीटरच्या वाट्याला यांतलं काही नाही. त्याची उमेदवारी संपत आलेली आहे आणि वरिष्ठ त्याला कागदपत्रं हाताळणाऱ्या विभागात टाकायच्या बेतात आहेत, कारण त्याचं लक्ष भलतीकडेच जातं. त्याच्यासोबत पहाऱ्यावर असलेली लेस्ली मे त्याच्यापेक्षा सरस पोलीस आहे, आणि हे तो मोकळेपणाने कबूल करतो. त्याला आत घेऊन जातो तो एका माणसाचा खून. विल्यम स्कर्मिश हे त्या माणसाचं नाव. खुनातून आत गेलेल्याला मागे फिरता येत नाही, कारण कुणाच्या तरी मरणाचा हिशोब बाकी असतो. गुप्त जग किती अद्भुत आहे हे बघत बसायची चैन त्याला परवडत नाही.

पीटर पुन्हा रात्री त्या चर्चपाशी जातो. रुबाबदार सूट घातलेला एक गृहस्थ त्याला विचारतो की इथे काय चाललंय. पीटर खरं सांगतो, भूत शोधतोय. हा गृहस्थ म्हणजे डिटेक्टिव्ह चीफ इन्स्पेक्टर थॉमस नाइटिंगेल, पोलीस खात्यातला जादूगार. पुढे पीटर त्याचा शिष्य होतो आणि रसेल स्क्वेअरमधल्या 'द फॉली' या जुन्या वास्तूत राहायला जातो. तिथे मॉली नावाची एक न बोलणारी मोलकरीण आहे. ती कोण आहे हे विचारायचं धाडस पीटरलाही चटकन होत नाही, मलाही झालं नसतं.

जादू शिकण्याचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला. इथल्या जादूची शिस्त आयझॅक न्यूटनने घालून दिली असं लेखकाने कल्पिलं आहे. न्यूटनने किमयेवर वर्षानुवर्षं कष्ट घेतले हे इतिहासात आहेच, त्यामुळे ही कल्पना उपरी वाटत नाही. तळहातावर प्रकाशाचा एक गोळा उमटवायला पीटरला आठवडेच्या आठवडे घोकंपट्टी करावी लागते. लॅटिन शिकावं लागतं. आणि मग त्याच्या लक्षात येतं की जादू केल्यावर खिशातल्या मोबाइलमधली चिप भुकटी होऊन जाते. नाइटिंगेलला याचं विशेष काही वाटत नाही. पीटर मात्र फोन उघडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो, कारण शोधतो, पुढे फोनला बॅटरी तोडणारं बटण बसवून घेतो. डॉ. वालिद त्याला जादूच्या अतिरेकाने पोखरलेला मेंदू दाखवतात तेव्हा चिपचं आणि मेंदूचं नातं ऐकणाऱ्यालाही उमगतं. भीती वाटावी असा तो क्षण आहे आणि तिथे एकही किंकाळी नाही.

तसंच जादूच्या खुणांचं. घडून गेलेल्या जादूचा ठसा वस्तूंमध्ये उरतो, दगडात चांगला टिकतो, माणसाच्या देहात फारच थोडा. शवागारात नाइटिंगेल पीटरला प्रेताच्या अगदी जवळ तोंड न्यायला लावतो आणि काय जाणवलं ते विचारतो. उत्तराची सूचना देत नाही. साक्षीदाराच्या तोंडी शब्द घालायचे नाहीत हा नियम इथेही पाळलेला पाहून मी ऐकता ऐकता थांबले आणि तो भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला.

शहराविषयी बोलायलाच हवं. ते सेंट पॉल्स चर्च खरं आहे. इनिगो जोन्सने बांधलेलं, नटांचं चर्च म्हणून ओळखलं जाणारं. सॅम्युएल पेपिसने 9 मे 1662 च्या रोजनिशीत कॉव्हेंट गार्डनमध्ये पाहिलेल्या इटालियन कळसूत्री बाहुल्यांच्या खेळाची नोंद केली आहे. इंग्लंडमधल्या पंचच्या खेळाची ती पहिली नोंद मानतात. पंच आणि ज्युडी हा इंग्रज मुलांचा लाडका खेळ, पण त्यात पंच बाळाला फेकून देतो, बायकोला दंडुक्याने मारतो, पोलिसाला मारतो, फाशी द्यायला आलेल्यालाच फासावर चढवतो. हाच खेळ एकविसाव्या शतकातल्या माणसांच्या अंगात यायला लागला तर काय होईल, यावर हा गुन्हा रचलेला आहे. खुनांचा क्रम खेळातल्या प्रवेशांवरून ओळखायचा, पुढचा बळी कोण ते संहितेवरून ताडायचं. अठराव्या शतकातला चार्ल्स मॅक्लिन हा नटही कथेत डोकावतो. त्याने 1735 मध्ये ड्रुरी लेन नाट्यगृहात एका टोपावरून झालेल्या भांडणात सहकारी नटाच्या डोळ्यात काठी खुपसली आणि त्याचा जीव घेतला, ही नोंदलेली घटना आहे. लेखकाने इतिहासातला खरा खून आणि कल्पनेतला खून असे बेमालूम जोडलेत की तपासाचे धागे दोनशे-तीनशे वर्षं मागे जातात आणि तरी तुटत नाहीत.

एक इशारा देऊन ठेवते. खेळात बाळ फेकलं जातं असं मी वर लिहिलं. कादंबरीच्या सुरुवातीच्या भागातच तसाच एक प्रसंग आहे, आणि कानांवर पडताना तो वाचण्यापेक्षा कितीतरी जड जातो. ज्यांच्या घरात तान्हं मूल आहे त्यांनी तयारीनेच ऐकावं.

आता नद्या. नदीला आई मानणाऱ्या आपल्या माणसांना नदीची देवता भेटली तर नवल वाटणार नाही, पण त्या देवतांमध्ये हद्दीचा वाद असणं मजेशीर आहे. एकीकडे मामा थेम्स आणि तिच्या लेकी, दुसरीकडे वरच्या अंगाचा फादर थेम्स आणि त्याचे मुलगे. 1858 च्या उन्हाळ्यात थेम्सला इतकी दुर्गंधी सुटली होती की संसदेचं कामकाज चालेना, आणि त्यानंतर जोसेफ बॅझलजेटने शहराखाली मोठी गटारं बांधली. फ्लीट, टायबर्न अशा लंडनच्या कितीतरी नद्या आज जमिनीखालून वाहतात. फादर थेम्स त्या काळी शहर सोडून गेला, असं कादंबरी सांगते. टायबर्न म्हणजे तर 1783 पर्यंत लंडनचं फाशी देण्याचं ठिकाण. तिची देवता खोलीत आली की संभाषणाचा सूर का बदलतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पण हा नद्यांचा तंटा आणि पंचचे खून ही दोन कथानकं मध्यावर एकमेकांपासून सुटतात. खुनाचा तपास रंगात आला असताना पीटर नदीकाठी मध्यस्थी करायला जातो, आणि मला राहून राहून वाटत होतं, त्या खुनाचं काय झालं? देवतांचे प्रसंग एकेकटे सुंदर आहेत, त्यांची जागा चुकली आहे. दुसरी तक्रार पीटरच्या नजरेची. बाई दिसली की तिच्या अंगाचं वर्णन आधी आणि ती काय बोलते ते नंतर. तो तरुण आहे हे मान्य, तरीही लेस्लीसारखं खमकं पात्र लिहिणाऱ्या लेखकाकडून हे खटकतं. शेवट मी सांगणार नाही. तो घाईत आवरल्यासारखा वाटला, पण लेस्लीच्या बाबतीत जे घडतं त्याचा चटका बसतो.

वाचनाविषयी सांगायचं तर होल्डब्रुक-स्मिथ मुळात रंगभूमीवरचे नट, 2019 मध्ये त्यांना संगीत नाटकातल्या अभिनयासाठी ऑलिव्हिए पुरस्कार मिळाला. पीटरची आई सिएरा लिओनची, वडील जॅझ वाजवणारे, तो स्वतः पक्का लंडनवाला, आणि हे सगळं त्यांच्या आवाजात एकत्र नांदतं. नाइटिंगेल मोजून-मापून, जुन्या वळणाचं बोलतो. इन्स्पेक्टर सीवोलचा रांगडा आवाज ऐकला की ठाण्यात कोण आलंय ते नावाआधी कळतं. मामा थेम्सच्या आवाजात पश्चिम आफ्रिका आहे आणि हुकूम आहे. पात्रांची सोंगं न घेता नुसत्या लयीने माणसं वेगळी करणं फार थोड्यांना साधतं. ज्यांच्या कानाला लंडनची बोली सरावाची नाही त्यांनी वेग थोडा कमी ठेवावा. पोलिसी संक्षेप पहिल्या तासाभरात अंगावर येतात, पण ते न समजल्याने कथा अडत नाही.

गाडी चालवताना किंवा इतर कामं करताना ऐकायचं हे पुस्तक नाही, असं माझं मत आहे. एखाद्या जबाबातलं वाक्य निसटलं तर पुढे दोन प्रकरणांनी त्याची गरज पडते. रहस्यकथा आवडणाऱ्यांनी आणि भुताखेतांपासून लांब राहणाऱ्यांनी आवर्जून ऐकावं. नुसती जादू हवी असेल तर पोलिसी कामकाज कंटाळवाणं वाटू शकेल. पुढचा भाग 'मून ओव्हर सोहो', तोही 2011 चाच, आणि वाचणारा आवाजही हाच. मी तो ऐकायला घेतला आहे.