उठावरेषांचा बोर्ड: बाकावरच्या दोघांनी मिळून वापरायचं साधन

भूमितीच्या तासाला सगळा वर्ग कंपास फिरवतो आणि दृष्टिहीन मूल नुसतं ऐकत बसतं. ते थांबवायला जी साधनं मिळतात, त्यांत उठावरेषांचा बोर्ड आम्हाला सगळ्यांत उजवा वाटतो, कारण शेजारी बसणाऱ्या डोळस मुलालाही तो लगेच वापरता येतो.

बोर्ड अगदी साधा असतो. कडक पाटी, तिच्यावर रबराचा मऊ थर आणि वरच्या कडेला क्लिप. क्लिपमध्ये प्लॅस्टिकची पातळ फिल्म अडकवायची आणि शाई संपलेल्या बॉलपेनने दाबून रेघ ओढायची. रेघ ओढली त्याच बाजूला वर येते, शिवाय पांढुरकी दिसतेही. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचावं लागतं आणि ठिपके पलीकडच्या बाजूला उमटतात, म्हणून वाचायला कागद उलटा करावा लागतो. इथे एकाने त्रिकोणाची बाजू काढली की लगेच दुसऱ्याचं बोट तिच्यावरून फिरतं. चूक दोघांनाही त्याच वेळी सापडते.

टेलर फ्रेम, म्हणजे भोकांत छोटे खिळे बसवून गणितं मांडायची पाटी, अंकगणिताला फार उपयोगी आहे, पण शेजारच्या डोळस सोबत्यासाठी अवघड. तिच्यात खिळा आठ दिशांना बसतो. 45 अंश फिरला की अंक बदलतो. ते कोष्टक पाठ नसेल तर शेजाऱ्याला उत्तर तपासताच येत नाही. निदान एका सोबत्याने ते शिकून घ्यावं, असं आम्ही आग्रहाने सांगतो.

आता बोर्डच्या अडचणी. रेघ नीट खोडता येत नाही. नखाने घासली तर दबते, पण खूण राहते आणि बोट फसतं. त्यामुळे प्रत्येक रचनेमागे एक फिल्म जास्तीची धरा. दोन रेघा अगदी जवळ आल्या की बोटाला एकच वाटतात, म्हणून मध्ये किमान 5 मिलीमीटर जागा हवी. कंपासमध्ये शिसपेन लावू नका. टोक मोडतं किंवा फिल्म फाटते. त्या जागी रिकामी रिफिल घट्ट बसवा. कंपासच्या सुईने पडलेलं भोक बोटाला जेमतेम लागतं, म्हणून केंद्रबिंदूवर टिकली चिकटवा. मखमली टिकली प्लॅस्टिकवर बरोबर वेगळी लागते.

कोनदुभाजकाची रचना घ्या. कोनाच्या दोन्ही भुजा जोर देऊन काढायच्या आणि शिरोबिंदूवर टिकली लावायची. पहिला कंस हलक्या हाताने, तुटक. तो भुजांना छेदतो तिथे आणखी दोन टिकल्या. त्या दोन बिंदूंतून काढलेले कंस जिथे छेदतात तिथे चौथी, आणि मग पहिली नि चौथी टिकली पट्टीने जोडायची. सगळ्या रेघा सारख्याच जोराने काढल्या तर भुजा कुठली आणि कंस कुठला हे बोटाला कळतच नाही. बहुतेक आकृत्या बिघडतात त्या इथेच.

साधन चांगलं असूनही ते वाया जातं ते सोबत्याच्या चांगुलपणामुळे. तो पूर्ण आकृती काढून समोर ठेवतो. डोळ्यांना ती एका दमात दिसते, बोटाला मात्र तुकड्यातुकड्याने जोडावी लागते. म्हणून एक रेघ काढायची, हाताला लागू द्यायची, तिचं नाव घ्यायचं, मगच पुढची. दुसऱ्याचं मनगट धरून बोट ओढणं तर पूर्ण बंद. सोबत्याने आपला हात खाली ठेवायचा आणि दृष्टिहीन मुलाने त्यावर आपला ठेवायचा. मग हात कधी काढायचा हे त्याचं तोच ठरवतो. ‘इथे’, ‘हे बघ’ असल्या शब्दांना अर्थ नाही. ‘डाव्या वरच्या कोपऱ्यापासून तीन बोटं खाली’ असं सांगायला शिकवावं. दोन-तीन तासांत मुलं सहज शिकतात.

दर दोन आठवड्यांनी सोबती बदला. एकच मूल कायम मदतीला ठेवलं की त्याचा स्वतःचा अभ्यास मागे पडतो आणि मैत्री राहते बाजूला, नुसती सेवा उरते. निम्म्या वेळा दृष्टिहीन मुलाने आकृती काढायची आणि डोळस मुलाने डोळे मिटून ती ओळखायची. ही अदलाबदल होत नसेल तर आमच्या मते बोर्ड अर्धाच वापरला जातोय. आणि सोबती म्हणजे विशेष शिक्षकाला पर्याय नव्हे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने शाळेवर टाकलेली जबाबदारी शेजारच्या मुलाच्या खांद्यावर ढकलता येणार नाही.

विकत घेताना फिल्म लावून दोन समांतर रेघा ओढून पाहा, एक मधोमध आणि एक कडेलगत. कडेची रेघ पुसट लागली तर रबर तिथे नीट चिकटलेलं नाही. क्लिप सैल असेल तर पट्टी सरकताना फिल्मही सरकते, आणि मग सोबत्याने कितीही जपून काढलं तरी कोन चुकतोच. सुट्या फिल्म कुठे मिळतात, हे मात्र बोर्डचे पैसे देण्याआधी विचारा.