पटवून देणाऱ्या गद्याची चिकित्सा: एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

वैचारिक गद्य वाचकाला एखादी गोष्ट नेमकी कशी पटवून देते, याची चिकित्सा शिकवणारा सहा आठवड्यांचा एक इंग्रजी ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. दोषांबद्दल बरेच लिहायचे असल्याने चालवणाऱ्या संस्थेचे नाव देत नाही.

पहिले तीन आठवडे ॲरिस्टॉटलने सांगितलेल्या तीन साधनांवर जातात: इथॉस म्हणजे लेखकाविषयी वाटणारा विश्वास, पॅथॉस म्हणजे वाचकाच्या भावनेला घातलेला हात आणि लोगॉस म्हणजे युक्तिवाद. व्हिडिओ आटोपशीर आहेत आणि सोबतची टिपणेही चांगली आहेत. चाचण्या मात्र शाळेतल्या 'अलंकार ओळखा' या प्रश्नाच्या पुढे जात नाहीत. उतारा वाचायचा, चार पर्यायांतून तंत्राचे नाव निवडायचे, की पूर्ण गुण. त्या तंत्राने त्या जागी काय साधले याविषयी चकार शब्द न लिहिता मला तिन्ही चाचण्यांत पैकीच्या पैकी गुण मिळाले, तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली.

चौथ्या आठवड्याने ही कसर बरीचशी भरून काढली, आणि संपूर्ण अभ्यासक्रमाचे मोल मला तरी त्या एका आठवड्यात दिसते. अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी आंदोलन करणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेले पत्र तेथे वाचायला दिले आहे. आंदोलनाची वेळ चुकीची आहे, असे जाहीर निवेदन काढणाऱ्या आठ गोऱ्या धर्मगुरूंना ते उत्तर आहे. आपल्याकडच्या शास्त्रार्थात आधी पूर्वपक्ष मांडून मग उत्तरपक्षाकडे वळतात, तसे किंग आधी विरोधकांचे आक्षेप सरळपणे सांगतात आणि मग एकेकाला उत्तर देतात. याच पत्रात तीनशेहून अधिक शब्दांचे एक प्रसिद्ध वाक्य आहे. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला येणारे एकेक अत्याचार आणि अपमान 'जेव्हा तुम्ही' अशा सुरुवातीच्या उपवाक्यांतून एकामागोमाग येत राहतात, आणि थांबणे आम्हाला अवघड का जाते हे तेव्हा तुम्हाला कळेल, असे मुख्य वाक्य अगदी शेवटी येते. स्वाध्याय असा होता की या वाक्याचे पूर्णविराम देऊन लहान लहान तुकडे करायचे, दोन्ही रूपे मोठ्याने वाचायची आणि काय हरवले ते लिहायचे. तुकडे केल्यावर एकही तथ्य गळाले नाही, तरी वाक्यातला जीव गेला. कारण मूळ रचनेत मुख्य क्रियापदापर्यंत पोहोचेतो वाचकालाच ताटकळत राहावे लागते. 'जरा थांबा' म्हणणाऱ्यांना लेखक वाक्याच्या बांधणीतूनच थांबायला लावतो. पहिल्या तीन आठवड्यांच्या चाचणीत याच उताऱ्याला 'पुनरावृत्ती' एवढे उत्तर पुरले असते.

कीटकनाशकांच्या दुष्परिणामांविषयी रेचल कार्सन यांनी लिहिलेल्या 1962 सालच्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकावरचा पाठ मला पटला नाही. पक्ष्यांचा आवाज बंद पडलेल्या एका गावाच्या कथेने ते पुस्तक सुरू होते, आणि अभ्यासक्रम त्या प्रकरणाला पॅथॉसचा नमुना म्हणून मोकळा होतो. त्याच प्रकरणाच्या शेवटी हे गाव प्रत्यक्षात नाही, या साऱ्या आपत्ती एकाच गावावर कोसळलेल्या नाहीत, पण त्यांपैकी प्रत्येक कुठे ना कुठे घडलेली आहे, अशी स्पष्ट कबुली लेखिका देते. भावनेने पकडलेल्या वाचकाचा विश्वास तिने तेथे कमावला, आणि पुढची संदर्भांनी भरलेली प्रकरणे त्याच विश्वासावर उभी राहिली. म्हणजे पॅथॉस, इथॉस आणि लोगॉस तीन वेगळ्या कप्प्यांत बसत नाहीत. मोन्सॅन्टो या रसायन कंपनीने त्याच वर्षी कीटकनाशकांविना ओसाड झालेल्या जगाचे चित्र रंगवून या प्रकरणाचे विडंबन छापले होते. एकच तंत्र दोन्ही बाजूंनी कसे वापरता येते, हे दाखवणारे इतके उत्तम उदाहरण पाठात का नाही, हे कळत नाही.

शेवटचे दोन आठवडे घाईत उरकले आहेत. आकडेवारीच्या वापरावरचा भाग तर निव्वळ नाममात्र आहे.

अंतिम निबंधासाठी मी एक मराठी अग्रलेख निवडला, कारण भाषेचे बंधन नव्हते. निबंध सहाध्यायींनीच तपासायचे असतात. एका परीक्षकाने 'छान' एवढेच लिहून काम संपवले. दुसऱ्या परीक्षकाला मराठी येत होते. लेखक 'आपण' हा शब्द वापरून वाचकाला जवळ घेतो, असे मी लिहिले होते. त्यावर त्यांनी विचारले की तिसऱ्या परिच्छेदात तोच लेखक 'आम्ही' का म्हणतो. पुन्हा वाचल्यावर दिसले की दोष स्वीकारायचा तेथे 'आपण' होते, निर्णयाचे श्रेय घ्यायचे तेथे 'आम्ही', आणि अडचणीच्या ठिकाणी कर्ता गाळून 'ठरवण्यात आले' असे लिहिले होते. इंग्रजीत आपण आणि आम्ही या दोहोंना एकच सर्वनाम असल्याने अभ्यासक्रमात हा मुद्दा येणे शक्यच नव्हते. मी निबंधाचा तो भाग नव्याने लिहिला, पण तोवर मुदत उलटून गेली होती आणि सुधारित प्रत स्वीकारण्याची सोय या व्यवस्थेत नाही.