रेडिएटरचे पंखे कोणाच्या तालावर: प्रोसेसरच्या की पाण्याच्या?

पाण्याने थंड होणाऱ्या संगणकाचा लूप (पंप, नळ्या आणि रेडिएटर यांतून पाणी फिरवणारं वर्तुळ) भरला, गळती तपासून झाली, की पुढचा निर्णय हाच. पंख्यांचा कर्व्ह, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग हा आलेख, प्रोसेसरच्या तापमानाला बांधायचा की कूलंटच्या, म्हणजे लूपमधल्या पाण्याच्या?

पहिल्या मार्गाला जास्तीचा एकही भाग लागत नाही. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) कर्व्ह ओढला की झालं. पण ब्राउझरची टॅब उघडली तरी प्रोसेसर क्षणात ४५ वरून ७० अंशांवर जातो आणि तितक्याच झटपट खाली येतो. त्याच्यामागे पंखेही घोंघावतात आणि विझतात. एकसारखा आवाज कानाला सवयीचा होतो, या चढउताराची मात्र कधीच सवय होत नाही. शिवाय तो फुकट जातो. ती उसळी चिप आणि तिच्यावर बसवलेला, पाणी खेळवणारा ब्लॉक यांच्यामधली असते, पाण्याला तिचा पत्ताही नसतो. रेडिएटर काहीच उष्णता काढत नाही असं धरलं, तरी ३०० वॅटवर एक लिटर पाणी मिनिटाला जेमतेम चार अंश चढतं. बायोसमधला पंख्यांच्या प्रतिसादाचा विलंब वाढवला की त्रास कमी होतो, मूळ कारण तसंच राहतं. लूपमध्ये ग्राफिक्स कार्डही असेल तर आणखी पंचाईत: कार्ड पाणी तापवत असतं, प्रोसेसर निवांत असतो, आणि पंखेही.

फक्त प्रोसेसर थंड करणाऱ्या छोट्या लूपला हा मार्ग चालून जातो, हे मान्य.

दुसऱ्या मार्गाला, म्हणजे पाण्याच्या तापमानाला पंखे बांधायला, १० किलोओहमचा थर्मिस्टर (तापमानाप्रमाणे रोध बदलणारा सेन्सर) लागतो. जी १/४ (लूपच्या भागांवरचं नेहमीचं माप) आट्यांचा सेन्सर-प्लग रेडिएटरच्या किंवा टाकीच्या रिकाम्या पोर्टमध्ये बसवा आणि त्याची दोन पिनांची वायर मदरबोर्डच्या तापमान हेडरला (सेन्सरची वायर लावायच्या पिनांना) जोडा. रेडिएटरच्या आधी की नंतर, यावर फार डोकं लढवू नका, फरक एक-दोन अंशांचा. मात्र काही बोर्डांवर या हेडरचं तापमान नुसतं दिसतं, पंख्यांसाठी निवडता येत नाही. ते आधी बघा, नाहीतर वेगळा कंट्रोलर घ्यावा लागेल. सुरुवातीला ३० अंशांपर्यंत किमान वेग, ३६ ला ५० टक्के, ४० ला ७५ आणि ४५ ला पूर्ण, एवढं पुरतं. वायर सैल झाली तर आकडा भलताच कमी दिसू शकतो आणि पंखे मंदावतात. कंट्रोलरमध्ये सोय असेल तर अशा वेळी पूर्ण वेग असं ठरवून ठेवा.

एक अडचण आहे. पाणी खोलीच्या हवेपेक्षा थंड होत नाही, त्यामुळे खोली ३५ अंशांवर असली की रिकाम्या मशीनचेही पंखे शांत होत नाहीत. रेडिएटरमध्ये शिरणाऱ्या हवेत दुसरा सेन्सर ठेवून दोन्हींच्या फरकावर कर्व्ह बांधा: ४ अंशांना मंद, १२ ला पूर्ण. मला तरी याहून शांत मांडणी सापडलेली नाही.

पंप मात्र कशालाच बांधू नये. ३०० वॅटवर ताशी १०० लिटर प्रवाह असेल, तर लूपच्या फेरीत पाण्याच्या तापमानात सुमारे २.६ अंशांचा फरक पडतो. २०० लिटरला १.३. वेग दुप्पट करून एवढंच हाती लागतं, आवाज मात्र बराच वाढतो. डी५ जातीचा पंप असेल तर ६० टक्क्यांच्या आसपास सुरुवात करा, केस बंद करून ऐका. एखाद्या वेगाला पॅनेल गुणगुणत असेल तर शंभर-दोनशे आरपीएम (मिनिटाला फेरे) इकडेतिकडे सरकवा आणि तिथेच सोडा. पूर्ण वेग फक्त लूप भरल्यावर हवेचे बुडबुडे काढताना. पंपाची आरपीएम वायर प्रोसेसर-फॅनच्या हेडरला लावा, म्हणजे पंप बंद पडलेला असेल तर बहुतेक बोर्ड सुरू होतानाच अडवतात.